सीमारेषेवरचे गड



गडावर जाणे हा आज साहसाचा व विरंगुळ्याचा विषय मानला जातो. बेळगाव परिसरात मात्र त्याला आणखी एक पदर आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना अमलात आली. जुन्या बेळगाव जिल्ह्यातील चंदगड भाग मुंबई राज्यात राहिला आणि उरलेला जिल्हा तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. त्यामुळे महिपाळगड, कलानिधीगड, गंधर्वगड, पारगड एका राज्यात, तर येळ्ळूरचा राजहंसगड आणि खानापूरच्या अरण्यातील भीमगड दुसऱ्या राज्यात, अशी एकाच डोंगरी मुलखातील गडांची वाटणी झाली.

बेळगावच्या तरुणांनी ही वाटणी पायांपुरती तरी मानली नाही. वैजनाथाचे दर्शन घ्यावे आणि पुढे महिपाळगड चढावा, हा परिपाठ चालूच राहिला. पारगडावर तर आजही वस्ती आहे. तानाजी मालुसऱ्यांचे पुत्र रायबा तेथील किल्लेदार होते, असे परंपरा सांगते. तेथे गेलेल्या मुलाला इतिहास भग्न तटापेक्षा माणसांच्या बोलण्यातून अधिक भेटतो. माझ्या मते सीमाभागातील मराठीचे भाषणांनी जेवढे जतन केले, त्याहून अशा पायपिटीने अधिक केले.

राजहंसगडाची कथा निराळी. ज्या येळ्ळूरच्या वेशीवरील ‘महाराष्ट्र राज्य’ असा फलक जुलै २०१४ मध्ये हटवला गेला, त्याच गावचा हा गड. मार्च २०२३ मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, गडावरील शिवपुतळ्याचे अनावरण दोन प्रतिस्पर्धी पक्षांनी काही दिवसांच्या अंतराने दोनदा केले. मराठी मतांचे मोल त्या दोन्ही समारंभांना पुरते ठाऊक होते. मराठी शाळांचे मोल किती ठाऊक होते, हा प्रश्न मी येथे नुसता विचारून ठेवतो.

भीमगडाभोवती २०११ साली अभयारण्य झाले. वन्यजीवांचे रक्षण व्हायलाच हवे. पण जंगलातील मराठी खेडी आणि गडाच्या आठवणी यांचा हिशेब त्या कागदांत मांडला जात नाही.

दिवाळीत आपल्या गल्ल्यांतून मुले मातीचे किल्ले रचतात. त्यांत रायगड असतो, प्रतापगड असतो, महिपाळगड क्वचितच. या शाळेला माझी विनंती आहे की, येत्या दिवाळीपूर्वी मुलांना तेथे न्यावे, तटाची लांबी दोरीने मोजून घ्यावी आणि गडावरच्या वस्तीतील वृद्धांना बुरुजांची नावे विचारून ती वहीत उतरवून आणावीत.