झाकण मिटल्यावर

लॅपटॉपचं झाकण मिटलं की तो झोपतो, उघडलं की जागा होतो. यात आज कुणाला नवल वाटत नाही. वीसेक वर्षांपूर्वी ज्यांनी लॅपटॉपवर लिनक्स घातलं होतं, त्यांना मात्र वाटायचं. झाकण मिटून यंत्र बॅगेत टाकावं आणि तासाभराने काढावं, तर आत पंखा घरघरतोय, यंत्र तापलंय, बॅटरी संपत आलीये. कधी यंत्र झोपायचं खरं, पण उठायचं ते काळाठिक्कर पडदा घेऊन. दोष सगळा लिनक्सच्या माथी जायचा. तो कितपत खरा होता, हे पाहण्यासाठी थोडं मागे जावं लागतं.

१९९२ साली इंटेल आणि मायक्रोसॉफ्टने एपीएम नावाची पद्धत आणली. तिच्यात विजेचा बराचसा कारभार बायॉसकडे, म्हणजे यंत्रातच भरून आलेल्या मूळ प्रोग्रॅमकडे होता. ऑपरेटिंग सिस्टिमने फक्त विनंती करायची. लिनक्सला हे सोयीचं होतं, कारण त्याला फारसं काही करावंच लागत नसे. पण कोणता प्रोग्रॅम चालू आहे, वापरणारा खरोखर थांबलाय का, हे बायॉसला कळत नसे. म्हणून डिसेंबर १९९६मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय हे नवं मानक जाहीर केलं. आता निर्णय ऑपरेटिंग सिस्टिमने घ्यायचे. यंत्र बनवणाऱ्याने फक्त काही तक्ते द्यायचे. बॅटरी कशी वाचायची, झाकण मिटल्याची खबर कशी द्यायची, याचे छोटे छोटे प्रोग्रॅम त्या तक्त्यांत सांकेतिक भाषेत लिहिलेले असतात.

मानक कुणालाही वाचायला खुलं होतं. गोची निराळीच होती. बहुतेक कंपन्या आपले तक्ते विंडोजवर चालवून बघत आणि चालले की यंत्र बाजारात पाठवत. तक्त्यातल्या चुका विंडोज पोटात घालत असे. त्याच चुकांवर लिनक्स अडून बसे. हौशी मंडळी आपल्याच लॅपटॉपचा तक्ता उलगडून, चुका दुरुस्त करून पुन्हा बसवत. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरमधून बिनतक्रार निघालेला तक्ता इंटेलच्या कंपायलरला दिला की चुकांची यादी हाती येई.

जानेवारी १९९९मध्ये बिल गेट्स यांनी सहकाऱ्यांना पाठवलेला एक ईमेल पुढे अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या खटल्यात पुरावा म्हणून उघड झाला. एसीपीआयमधली वाढीव भर विंडोजपुरतीच ठेवता येईल का, असा विचार त्यात होता. आपण राबायचं आणि लिनक्सला ते आयतं मिळायचं, हे त्यांना खटकत होतं. त्या विचारावर पुढे अंमल झाला, असं त्या ईमेलवरून सिद्ध होत नाही. पण यंत्र बनवणाऱ्यांची बेफिकिरीही तोच परिणाम साधायला पुरेशी होती.

लिनक्सने यावर शोधलेला तोडगा गमतीचा आणि थोडा केविलवाणाही आहे. तक्ता विचारतो, ‘तू विंडोजची अमुक आवृत्ती आहेस का?’ लिनक्स म्हणतं, ‘हो.’ ‘तू लिनक्स आहेस का?’ या प्रश्नाला मात्र २००७पासून ते ‘नाही’ म्हणू लागलं. लिनक्ससाठी म्हणून लिहिलेली वाट कुणी धड तपासलेली नसे, त्यामुळे खरं सांगण्यात तोटाच होता.

सगळं खापर दुसऱ्यावर फोडून मात्र चालणार नाही. लिनक्सच्या २.६ मालिकेचा कर्नल सुरुवातीला पीसीवर सेकंदाला १००० वेळा टिकटिकत असे, काम असो वा नसो. प्रोसेसरला गाढ झोप लागणार कशी? एप्रिल २००७च्या २.६.२१ आवृत्तीत रिकाम्या वेळची ही टिकटिक थांबवता आली. पुढच्याच महिन्यात इंटेलने पॉवरटॉप हे साधन खुलं केलं. प्रोसेसरची झोप कोण मोडतंय, याची यादीच ते दाखवू लागलं. कारण नसताना सेकंदाला अनेकदा डोकावणारे आपले नेहमीचेच प्रोग्रॅम त्यात सापडले आणि चारचौघांत दुरुस्तही झाले.

२०११मध्ये आणखी एक धडा मिळाला. २.६.३८ आवृत्तीपासून काही लॅपटॉप जास्त वीज खाऊ लागले. बायॉस ‘पीसीआय एक्सप्रेसच्या वीजबचतीला हात लावू नका’ असं सांगायचा, आणि लिनक्स ती बचतच बंद करून टाकायचं. मॅथ्यू गॅरेट यांनी विंडोज अशा वेळी काय करतं ते पाहिलं. ते काहीच करत नव्हतं. बायॉसने जे जसं ठेवलंय, तसं राहू देत होतं. लिनक्सनेही तेच केलं आणि दुखणं गेलं.

आज टीएलपीसारखं साधन बसवलं की बहुतेक कामं आपोआप होतात. बॅटरी ७५ टक्क्यांच्या खाली गेली तरच चार्ज कर आणि ८० टक्क्यांवर थांब, असं काही लॅपटॉपना बजावताही येतं. त्याच्या जोडीला पॉवर प्रोफाइल्स डीमन चालू ठेवू नये, एवढं पथ्य पाळावं. दोघं एकाच दोरीला दोन्हीकडून ओढतात.

आणि ती तापलेली बॅग? नव्या लॅपटॉपमधून पूर्वीची गाढ झोप हळूहळू काढून टाकली जातेय. तिच्या जागी फोनसारखी सावध डुलकी आलीये. त्यामुळे बॅगेत यंत्र तापल्याची तक्रार आता विंडोज वापरणारेही करतात. लिनक्सवाले निदान कुणी झोपमोड केली ते शोधू शकतात. हे कसब त्यांना हौसेनं आलेलं नाही, वीस वर्षं दुसऱ्यांचे तक्ते वाचून आलंय.