गुंटूरची फट

चेन्नईच्या गच्चीवरून सूर्य टिपणाऱ्या हौशी निरीक्षकाला आज सोलेक्स नावाची छोटी पेटी वापरता येते. तिचा आराखडा फ्रान्सच्या क्रिस्तियान ब्युई यांनी सर्वांसाठी खुला केला. सांगाडा थ्रीडी प्रिंटरवर छापता येतो. आत 10 मायक्रॉन रुंदीची फट, मिलिमीटरला 2400 रेषांचे ग्रेटिंग, दोन भिंगे आणि मागे कॅमेरा. 420 मिमी नाभीय अंतराच्या दुर्बिणीतली सूर्यप्रतिमा सुमारे 3.9 मिमीची असते, 4.5 मिमी लांबीच्या फटीत ती मावते.

पेटीची चाचणी सकाळी, गच्ची तापण्याआधी घ्यावी. दुर्बिणीची मोटर बंद केली की सूर्य सुमारे दोन मिनिटांत फटीवरून सरकून जातो. संगणक चित्रफितीच्या प्रत्येक चौकटीतून हायड्रोजनच्या 656.28 नॅनोमीटर रेषेची चीप उचलतो आणि चिपा जोडून बिंब उभे करतो. बिंब लांबट आले तर सूर्याची गती आणि चौकटींचा वेग जुळलेला नाही. आरपार रेघा उमटल्या तर फटीत धूळ आहे. कडा दातेरी दिसली तर हवा अस्थिर आहे किंवा तिपाई हलते आहे. आणि कडेवर सौरज्वाला दिसली, तर यंत्र उत्तीर्ण.

ही शेवटची कसोटी गुंटूरची आहे. माझ्या मते या पेटीचे कूळ थेट तिथेच पोहोचते.

18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास ग्रहणाला गुंटूर मद्रास इलाख्यात होते. तिथे फ्रान्सचे पिएर जान्सेन होते. मद्रास वेधशाळेचे नॉर्मन पॉग्सन मछलीपट्टणला आणि त्यांचे सहकारी चिंतामणी रघुनाथाचारी वनपर्तीला होते. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल ढगांतून वाट काढत होते. ज्वालांच्या वर्णपटात अनेकांना तेजस्वी रेषा दिसल्या, म्हणजे त्या तप्त वायूच्या ठरल्या. पिवळी रेषा सोडियमच्या ‘डी’ रेषेवर किंवा तिच्या आसपास असल्याची नोंद पॉग्सन यांनी केली.

जान्सेन यांनी मात्र वेगळाच प्रश्न विचारला: इतक्या ठळक रेषा ग्रहणाविना का दिसू नयेत? सूर्याभोवतीच्या आकाशाचा झगमगाट सर्व रंगांचा असतो. वर्णपट लांबवला की तो पसरून फिका पडतो. ज्वालेचा प्रकाश मोजक्या रेषांतच असतो, तो फिका पडत नाही. दुसऱ्याच दिवशी, ग्रहण नसताना, त्यांनी सूर्याच्या कडेवर फट धरली आणि रेषा दिसल्या. पुढे अनेक दिवस ते ज्वालांचे आकार टिपत राहिले.

मराठी वाचक इथे विजयदुर्गाचे नाव घेईल. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर यांनी 1868 मध्ये त्या किल्ल्यावर हेलियम शोधला, अशी कथा आपल्याकडे रूढ आहे. पण त्या वर्षी लॉकियर इंग्लंडमध्ये होते. हीच कल्पना त्यांनाही स्वतंत्रपणे सुचली होती. यंत्र उशिरा मिळाल्याने त्यांना ज्वाला 20 ऑक्टोबरला दिसल्या. दोघांचीही पत्रे पॅरिसच्या अकादमीत 26 ऑक्टोबरला, एकाच दिवशी पोहोचली. लॉकियर विजयदुर्गला आले ते 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणासाठी. किल्ल्यावरचे ‘साहेबाचे कट्टे’ त्या मोहिमेचे. हेलियमची ओळख पटली ती ग्रहणानंतर, पिवळ्या रेषेची जागा नेमकी मोजल्यावर. पृथ्वीवर तो रसायनशास्त्रज्ञ रॅम्से यांना 1895 मध्ये सापडला. तेव्हा 1868 च्या त्या ऑगस्टमध्ये भारतात जन्मले ते मूलद्रव्याचे ज्ञान नव्हे, एक तंत्र होते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. चिपा जोडून बिंब उभे करण्याची युक्ती अमेरिकेचे हेल आणि फ्रान्सचे देलांद्र यांनी 1890 च्या दशकात स्पेक्ट्रोहेलिओग्राफने सिद्ध केली. मग सोलेक्सचे पितृत्व त्यांचे का नाही? यंत्र त्यांचेच, हे मान्य. पण दुसरी फट लावून एकाच रंगात सूर्य पाहण्याची कल्पना जान्सेन यांनी 1869 मध्येच मांडली होती. सोलेक्समध्ये त्या दुसऱ्या फटीचे काम संगणक करतो, एवढाच फरक.

मद्रास वेधशाळेचा वारसा 1899 मध्ये कोडाईकनालला गेला आणि तिथे विसाव्या शतकाच्या आरंभापासून स्पेक्ट्रोहेलिओग्राफने सूर्याची चित्रे घेतली जाऊ लागली. एकाच रंगाचा प्रकाश सोडणारी ल्यो यांची गाळणी 1933 मध्ये आली. पुढे एटॅलॉन नावाच्या गाळणीच्या दुर्बिणी हौशींच्या हाती पडल्या. त्या सोयीच्या खऱ्या, पण फट त्यांनी काढून टाकली. सोलेक्सने ती परत आणली, म्हणून वारस मी या पेटीलाच मानतो.

18 ऑगस्ट हा चेन्नईचा शून्य सावलीचा दिवसही आहे. त्या सकाळी आपली पेटी तपासा. सुरक्षित गाळणीशिवाय दुर्बिणीतून सूर्याकडे डोळा मात्र कधीही लावू नका. आणि विजयदुर्गला हेलियम दिन साजरा करणाऱ्यांना विनंती: उत्सव जरूर करा, पण कट्ट्यांची गोष्ट सांगताना साल 1898 सांगा आणि 1868 चा मान गुंटूर, मछलीपट्टण व जमखंडीला द्या.