माका, मले, मला

पोटापाण्याच्या निमित्ताने आपल्या ज्ञातीची कुळे कोकण, देश, खानदेश व वऱ्हाड अशी चहूकडे विखुरली. वार्षिक संमेलनाच्या पंक्तीत मालवणकडील आजोबा 'माका' वाढा म्हणतात, वऱ्हाडातील मावशी 'मले' म्हणतात आणि पुण्याची मुले 'मला' म्हणतात. मावशींच्या तोंडी डोळ्याचा 'डोया' झालेला ऐकून मुले हसली व मावशी पुढे अबोल झाल्या, हे आम्ही स्वतः पाहिले आहे. म्हणूनच हे चार शब्द.

पुस्तकी मराठी तेवढी शुद्ध व इतर बोली तिची भ्रष्ट रूपे, असा समज आपल्यात दृढ आहे. इतिहास त्यास दुजोरा देत नाही. १८०५ साली विल्यम कॅरे यांचे मराठी व्याकरण बंगालमधील श्रीरामपुरास छापले गेले. १८३१ साली मोल्सवर्थ यांचा कोश निघाला. पुढे मेजर कँडी यांच्या देखरेखीखाली शालेय पुस्तके तयार झाली. पेशवाईपासून पुणे हे सत्तेचे व विद्येचे केंद्र असल्याने तेथील शिष्टांची बोली छापखान्यात व शाळेत प्रमाण ठरली. तिचा मान आम्हांस मान्य आहे. मात्र तो परिस्थितीने दिलेला आहे, जन्मसिद्ध नव्हे.

त्याच्या कितीतरी आधी, तेराव्या शतकात, मराठी गद्याचा आद्य ग्रंथ मानले जाणारे 'लीळाचरित्र' वऱ्हाडातील ऋद्धिपुरास सिद्ध झाले. संस्कृतात लिहू पाहणाऱ्या पंडितास नागदेवाचार्यांनी थांबविले, कारण त्यामुळे पंथातील म्हाताऱ्या बायका ज्ञानास मुकल्या असत्या, अशी महानुभावांची परंपरा सांगते. आणि जळगावकडील बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना अक्षरओळख नसताही, घरच्या बोलीत रचलेली त्यांची गाणी १९५२ साली ग्रंथरूपाने आली व साऱ्या महाराष्ट्राने ती डोक्यावर घेतली.

तेव्हा ज्ञातिबंधुभगिनींनो, मुलांनी शाळेत प्रमाणभाषा अवश्य शिकावी. परंतु घरातील आजीस आपल्या बोलीची लाज वाटावी, असे वर्तन आपल्या हातून न घडो. आजी अबोल झाली की कुळाची अर्धी बखर तिच्याबरोबर मिटते. पुढील स्मरणिकेसाठी प्रत्येक कुटुंबाने वडीलधाऱ्यांच्या तोंडचे दहा शब्द, गावाचे नाव व अर्थ यांसह लिहून पाठवावेत, ही आमची नम्र विनंती.