शेवटच्या चौकीचा बिगुल

जवानाच्या अंत्यसंस्कारात बिगुलावर वाजणारी ‘लास्ट पोस्ट’ मुळात शोकधून नव्हेच. ब्रिटिश छावण्यांमध्ये अठराव्या शतकापासून ती रोज रात्री वाजायची. पहाऱ्याच्या चौक्यांची तपासणी सुरू झाली की एक बिगुल, शेवटची चौकी पाहून झाली की हा. पहारे जागेवर आहेत, बाकीच्यांनी आता झोपायला जावं, एवढाच त्याचा निरोप.

एकोणिसाव्या शतकात ही धून दफनविधीत आली. परमुलखात शिपाई वारला तर बँड हाताशी असेलच असं नव्हतं. बिगुलवाला मात्र पलटणीबरोबर असायचाच. रोजची निजेची खूण शिपायाच्या कबरीशी वाजू लागली.

बिगुलाला ना भोकं, ना कळा. ओठांचा ताण आणि फुंकर यांवर जेमतेम पाच सूर निघतात. ना मींड, ना हरकत. मला तर हीच त्याची ताकद वाटते. वाजवणाऱ्याला स्वतःचं काही घालायला जागाच नसते. म्हणून ऐकणारा प्रत्येक जण त्यात आपला माणूस आठवतो.

पहिल्या महायुद्धानंतर ही धून लष्करापुरती राहिली नाही. बेल्जियममधल्या ईप्र गावच्या मेनिन गेटवर, थडगंही न लाभलेल्या चोपन्न हजारांहून अधिक सैनिकांची नावं कोरली आहेत. त्यांत हिंदी शिपायांचीही आहेत. १९२८मध्ये तिथे बिगुल सुरू झाला, पुढे ती रोज रात्री ८ची रीतच झाली. रहदारी थांबते आणि गावच्या अग्निशमन दलातले बिगुलवाले कमानीखाली उभे राहतात. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी गाव घेतल्यावर खंड पडला. ६ सप्टेंबर १९४४ला पोलिश सैन्याने गाव सोडवलं आणि त्याच संध्याकाळी बिगुल पुन्हा घुमला.

स्वातंत्र्यानंतरही आपल्या लष्कराने ही धून ठेवली, ते योग्यच झालं. साताऱ्याकडच्या एखाद्या गावात पार्थिव आलं की हवेत फैरी झडतात, ‘शोक शस्त्र’चा हुकूम होतो, बंदुकांच्या नळ्या खाली वळतात, माना झुकतात. ‘अमर रहे’ म्हणून घसा बसलेली पोरं गप्प होतात. बिगुलाच्या त्या मिनिट-दीड मिनिटात सारा गाव एकाच दुःखात असतो. आईचं दुःख मात्र त्या पाच सुरांत मावत नाही. नाव घेत, लहानपणच्या आठवणी काढत, हेल काढून ती रडते. बिगुल चालू असतानाही तिचा हेल सुरूच राहतो, आणि तिला कुणी गप्प करत नाही.