शिकारी पक्ष्यांचे नेत्रदाबमापन

घार, शिक्रा, बहिरी ससाणा, घुबड अशा पक्ष्यांच्या डोळ्यातील द्रवाचा दाब मोजण्याची तपासणी. दाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये (मिमी) सांगतात. तो चढला असेल तर काचबिंदूची शंका येते. फार उतरला असेल तर आतला दाह किंवा फाटलेला डोळा, असा संशय घेतात.

पुण्यात बुधवार पेठेसारख्या दाट वस्तीवर घारी घिरट्या घालतात आणि जुन्या वाड्यांच्या सांदीकोपऱ्यांत गव्हाणी घुबड व पिंगळा राहतात. संक्रांतीच्या सुमारास असे पक्षी मांजात अडकून कोसळतात, एरवी तारांवर किंवा काचांवर आदळतात. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, पण वापर थांबलेला नाही. कापलेला पंख लगेच दिसतो, डोळ्याची इजा मात्र सहज निसटते. पक्ष्याच्या डोळ्यात मागच्या बाजूला पेक्टेन नावाची रक्तवाहिन्यांची घडीदार पट्टी असते. धडकेनंतर तिच्यातून रक्तस्राव झाला, तरी समोरून डोळा लख्ख दिसू शकतो. म्हणून केवळ पंख जुळला एवढ्यावर पक्षी सोडू नये; दिसत नसेल तर तो उपाशी मरतो.

मोजणीसाठी बहुधा उसळी-दाबमापक वापरतात. त्याची बारीक सळई पारपटलाला हलकेच टेकून मागे उसळते. ती किती झपाट्याने मंदावते यावरून यंत्र दाब काढते. डोळा बधिर करावा लागत नाही, आणि पिंगळ्यासारख्या लहान डोळ्यालाही सळईचे टोक मोठे पडत नाही. पारपटल सपाट दाबणाऱ्या यंत्राला आधी बधिर करणारे थेंब लागतात.

खरी मेख पक्षी धरण्यात आहे. मानेवर बोटांचा दाब पडला, पापणी उघडताना बुबुळ चेपले किंवा डोके खाली झुकले, तर आकडा फुगतो. पंख टॉवेलात गुंडाळून, पाय पक्के धरून, डोके सरळ ठेवावे. पापणी हाडाच्या कडेवरच रोखावी. यंत्रात कुत्रा-मांजर, घोडा अशी निरनिराळी सेटिंगे असतात. कोणते लावले होते ते नोंदीत लिहावेच.

युरोपातील मोजणीत गव्हाणी घुबडाचा दाब सुमारे ११ मिमी, तर सामान्य बझार्डचा २७ मिमीच्या आसपास आढळला. माणसाचा साधारण १० ते २१ असतो. म्हणजे एका जातीचा निरोगी आकडा दुसरीत आजार ठरू शकतो. युरोपातील तांबड्या घारीचा आकडा पुण्याच्या घारीला लावणे तर धोक्याचेच. दोन्ही डोळे एकाच यंत्राने, एकाच पकडीत मोजून त्यांतला फरक पाहणे अधिक भरवशाचे.

हे पक्षी वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहेत. जखमी घार किंवा घुबड सापडल्यास हवेशीर खोक्यात, अंधारात ठेवावे, डोळ्यांत घरचे थेंब घालू नयेत आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.