म्हैसूरचा राजवाडा आणि न दिसणारी आग



1897 साली राजकन्या जयलक्ष्मम्मण्णी यांच्या लग्नाच्या धामधुमीत म्हैसूरचा जुना लाकडी राजवाडा जळाला. तेव्हा शहरात वीज नव्हती. हेन्री अर्विन यांच्या आराखड्यानुसार दगड, विटा आणि लोखंड वापरून बांधलेला नवा राजवाडा 1912 मध्ये पूर्ण झाला. दरम्यान 1902 मध्ये शिवनसमुद्रला कावेरीच्या पाण्यावर वीज तयार होऊन कोलारच्या सोन्याच्या खाणींना पोचली. पुढे ती म्हैसुरातही आली. आज दसऱ्याला या राजवाड्यावर सुमारे 97 हजार दिवे लागतात.

लाकूड गेलं, म्हणून आगीची भीती गेली का? नाही, तिनं फक्त जागा बदलली. कुठल्याही जुन्या इमारतीत तारेचा एखादा जोड सैल होतो, गंजतो. तिथला रोध वाढतो आणि जोड तापू लागतो. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. आपल्याला कळतं ते करपल्याचा वास आल्यावर.

ही उष्णता पाहण्याची वाट 1800 साली विल्यम हर्शेल यांनी दाखवली. लोलकातून पडलेल्या रंगपट्ट्यात, तांबड्याच्याही पलीकडे, जिथं काहीच दिसत नव्हतं, तिथं थर्मामीटरचा पारा चढला. तेच अवरक्त किरण. फौजेनं त्यांचा उपयोग अंधारात माणूस आणि गाडीचं तापलेलं इंजिन हेरायला केला. थर्मल इमेजर आम्हा फौजींच्या ओळखीचा, तो असा. 1960 च्या दशकात स्वीडनमध्ये असाच कॅमेरा उच्चदाबाच्या वीजवाहिन्या तपासायला वापरात आला.

पण शत्रू हेरायचा तर तो हालचाल करत असताना. तपासणीचंही तसंच. दिवे बंद असताना कॅमेऱ्याला काही सापडणार नाही. भार पुरेसा हवा. तिन्ही फेजचे जोड शेजारी ठेवून पाहायचे: दोन सारखे आणि तिसरा जास्त तापलेला, तर तिथं शंका घ्यायची. चकचकीत तांबं मात्र फसवतं. ते स्वतःची उष्णता कमी दाखवतं आणि आजूबाजूची परावर्तित करतं. पॅनेलच्या बंद दारातूनही आतलं दिसत नाही. ते उघडणं परवानाधारक माणसाचंच काम.

तेव्हा तुमच्या सोसायटीत, देवळात, मंगल कार्यालयात ही तपासणी करायची असेल, तर निवांत दुपार निवडू नका. सगळे दिवे, पंखे, लिफ्ट चालू असतील अशी संध्याकाळ निवडा. आणि जोड दुरुस्त झाल्यावर तेवढ्याच भारावर तो पुन्हा एकदा पाहून घ्या.