वाकड्या बोटांचा इतिहास

मेहकरजवळच्या आमच्या शेताच्या बांधाला एक कुडाची खोली होती. माझे धाकटे काका तिच्यात एकटे राहत. १९७० च्या सुमारास, मी सातआठ वर्षांचा असताना, दुपारची भाकर घेऊन जाई, दगडावर ठेवी आणि शिकवल्याप्रमाणे चार पावले मागे सरे. काका डाव्या हाताने भाकर उचलीत. उजव्या हाताची करंगळी आणि अनामिका तळव्याकडे वळून तशीच राहिली होती. ‘रक्तपिती’ हा शब्द घरात कुणी मोठ्याने उच्चारीत नसे. माझ्या लेखी रोग म्हणजे ती दोन बोटेच.

मी डॉक्टर नव्हे, इतिहासाचा मास्तर. त्या बोटांचा इतिहास मला निवृत्तीनंतर, पुस्तके चाळता चाळता उमगला. आणि आमच्या घराने कोणता अन्याय केला, तेही तेव्हाच कळले.

घडले होते ते असे. काकांच्या दंडावर एक फिकट, बधिर चट्टा उठला. आजीने त्यांना लोणारला नेऊन धारेखाली अंघोळी घातल्या. पुढे सायकलवरून फिरणारा एक आरोग्यसेवक आला. त्याने चट्ट्याला कापूस लावून पाहिला, कानाच्या पाळीला बारीक चीर देऊन काच तपासायला नेली. जंतू सापडले नाहीत. तरी चट्ट्यावरून निदान झाले आणि डॅप्सोनच्या गोळ्या सुरू झाल्या. चारपाच महिन्यांनी चट्टा लाल होऊन फुगला, कोपर रात्रंदिवस ठणकू लागले आणि पंधरवड्यात बोटे वळली. आजी म्हणाली, “गोयीनंच हात नेला माह्या पोराचा!” गोळ्या उकिरड्यावर गेल्या आणि काका बांधावर.

आता मागे वळून पाहू. चरकाने अठरा प्रकारची कुष्ठे सांगितली. त्या एका शब्दाखाली त्वचेचे कितीतरी निरनिराळे रोग येत. १८७३ साली नॉर्वेतील बेर्गेन येथे हान्सेनने महारोग्याच्या गाठींत काडीसारखे जंतू पाहिले आणि शत्रू सापडला असे जगाला वाटले. परंतु हिशेब जुळेना. काही रोग्यांच्या त्वचेत जंतूंचे थवेच्या थवे असत, तरी त्यांचे हातपाय पुष्कळ काळ शाबूत राहत. उलट काहींच्या त्वचेत जंतू शोधूनही मिळत नसत आणि त्यांच्याच नसा लवकर निकामी होत. जंतू हाच हात मोडणारा असेल, तर जिथे जंतू नाही तिथे हात मोडला कोणी?

या कोड्याची पहिली उकल जपानमध्ये झाली. १९१९ साली मित्सुदाने उकळून मारलेले जंतू रोग्यांच्या कातडीत टोचले. ज्यांच्या अंगात जंतू विरळ, त्यांना तीनचार आठवड्यांनी तिथे गाठ आली. ज्यांच्या अंगात जंतू उदंड, त्यांना काहीच झाले नाही. म्हणजे फरक जंतूत नव्हता, रोग्याच्या शरीरात होता. १९६६ मध्ये रिडले आणि जॉपलिंग यांनी याच तत्त्वावर रोगाच्या पाच पायऱ्या मांडल्या. त्याच दशकात रक्तातील ‘टी’ पेशींचे काम उलगडू लागले आणि उरलेला दुवा सापडला.

या ‘टी’ पेशी म्हणजे शरीराच्या शिबंदीतील जमादार. परका ओळखला की त्या भक्षक पेशींना चेतवतात. मग सारे मिळून त्याला घेरतात आणि तिथे दाह उसळतो. महारोगाचा जंतू तसा मोठा आळशी. त्याला दुप्पट व्हायला बारातेरा दिवस लागतात, आणि तो विषही फारसे ओकत नाही. मात्र तो लपतो मज्जातंतूंच्या वेष्टणातील पेशींत. शिपाई त्याला हुडकीत तिथे शिरले की नस सुजते. तिच्याभोवतीचे आवरण घट्ट असल्याने ती आतल्या आत चेपली जाते. चोर मूठभर, पण त्यांच्या पाठलागात घराचीच भिंत कोसळते. औषधाने जंतू मरू लागतात त्या काळात कित्येकदा ही चकमक एकाएकी भडकते. काकांच्या कोपरात तेच घडले. गोळीने हात नेला नव्हता आणि एकट्या जंतूनेही नेला नव्हता. काकांच्या शरीराचा बंदोबस्त जागा होता, म्हणून तो गेला. दाह शमवणारे प्रेडनिसोलोन वेळेवर मिळते, तर नस बहुधा वाचली असती.

सोरायसिसमध्येही याच ‘टी’ पेशी त्वचेत दाह माजवतात, आणि तिथे तर असा बाहेरचा शत्रूही नसतो.

यातली खरी बोचणी पुढेच आहे. ज्याच्या शरीरात प्रतिकार जोरकस, त्याच्यापासून संसर्गाचे भय सर्वांत थोडे. आपण मात्र हात पाहून माणूस पारखला. १८९८ च्या मूळ कायद्याने ‘महारोगी’ ठरवला तो व्रण पडू लागलेला माणूस. आणि व्रण पडतात ते बधिर झालेल्या हातापायांना चटका, ठेच कळत नाही म्हणून! तो कायदा रद्द व्हायला २०१६ साल उजाडले. बहुतेक माणसांच्या पेशी या जंतूला मुळात थाराच देत नाहीत. बाबा आमट्यांनी हे जंतू स्वतःच्या अंगात टोचून घेतले, तरी त्यांना रोग झाला नाही.

अमरावतीला शिवाजीराव पटवर्धनांचे तपोवन १९४६ पासून उभे होते. आमच्यापासून ते एका दिवसाच्या वाटेवर. पण तिथे न्यायचे म्हणजे चारचौघांत कबूल करायचे! त्यापेक्षा बांध बरा वाटला.

पुढे अनेक औषधे एकत्र देण्याचा उपचार आला, तेव्हा तपासणीला आलेल्या डॉक्टरांनी काकांना नखशिखान्त पाहिले आणि म्हणाले, “बाबा, तुमच्या अंगात आता रोग नाही. पसरवण्याजोगा तर तो कधी नव्हताच.” काका बराच वेळ आपल्या हाताकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “मंग मी हिकडं कायले राह्यलो?”

आम्ही त्यांना घरी आणले. आजी तेव्हा हयात नव्हती. पंगतीला बसा म्हटले, तरी काका आपली थाळी उचलून ओसरीवर जात. आणि त्यांना भाकर वाढायला गेलो, की इतक्या वर्षांनंतरही माझे पाऊल क्षणभर मागे सरे.